आधी सुई, मग सुरी

स्तनात गाठ लागली की आपल्याकडे बाईच्या वाट्याला धाक येतो, नाहीतर धीर येतो. तपासणी येत नाही. बावीस वर्षांच्या मुलीला कोणीतरी सांगतं, गाठ आहे, आत्ताच काढून टाका, पुढे काय होईल सांगता येत नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला कोणीतरी सांगतं, पाळी जायच्या वयात असं होतंच, घाबरू नका. पहिलीच्या छातीवर विनाकारण व्रण राहतो. दुसरी वर्षभराने येते तेव्हा गाठ कातडी फोडून बाहेर आलेली असते आणि काखेतही गाठी असतात. मी जिल्ह्याच्या गावी सर्जन आहे. या दोघी माझ्या ओपीडीत एकाच बाकावर बसतात आणि दोघींच्या फायलींत एकच कागद सापडत नाही: सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट.

स्तनाच्या गाठीचं निदान कसं करायचं हे वैद्यकाला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. आधी हाताने नीट तपासायचं. दोन्ही स्तन, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडावरची जागा. मग चित्र काढायचं. तरुण वयात सोनोग्राफी, कारण तेव्हा स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. मग सुई. तिन्हींचं म्हणणं एक निघालं तर चूक होण्याची शक्यता नगण्य उरते. एकाचं जरी जुळलं नाही तर थांबायचं आणि पुन्हा शोधायचं. ही तिहेरी तपासणी एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. तोच विद्यार्थी पुढे दवाखाना थाटतो आणि बाईचा ब्लाउज न काढता, साडीवरूनच दोन बोटं टेकवून 'काही नाही' म्हणतो.

संकोच बाईचा असतो, ती दाखवायलाच तयार नसते, असं हे डॉक्टर सांगतात. मला हे मान्य नाही. बाई घरची कामं आवरून, कोणाला तरी खोटं सांगून, एसटीने तुमच्या दारात आली, तिथेच तिने आपल्या संकोचावर मात केली. पडदा लावणं, सिस्टरला आत बोलावणं, काय तपासणार आहोत ते चार शब्दांत सांगणं आणि दोन्ही बाजू उघड्या करून तपासणं हे डॉक्टरचं काम. ते जो टाळतो त्याने तपासणी केली असं म्हणू नये, तिचे पैसेही घेऊ नयेत.

आता सुईबद्दल. 'सुई लावली की कॅन्सर चवताळतो' हे वाक्य मी शेतमजूर बायांकडून ऐकलं आहे, प्राध्यापकांकडून ऐकलं आहे, आणि ज्यांच्या दारावर पदव्यांची पाटी आहे अशा डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. या एका वाक्याने महाराष्ट्रात किती बायका मारल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी सरकतात, हे खरं आहे. पण त्यामुळे बाईचं आयुष्य घटतं असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सुई न लावल्याने मात्र घटतं. ट्रूकट बायोप्सीत काय करतात तेही सांगते, कारण भीती तिथेच आहे. त्वचेला भूल देतात. दोन-तीन मिलिमीटरची चीर घेतात. स्प्रिंगची सुई आत घालून खटका दाबतात; आवाज मोठा येतो, आवाजाचं कळतं, दुखल्याचं फारसं कळत नाही. शेवईएवढे बारीक तुकडे निघतात, चार-पाच. ते फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजिस्टकडे जातात. जागेवर काही मिनिटं दाबून धरलं की बाई चालत घरी जाते. टाका लागत नाही, भरती व्हावं लागत नाही.

हे न करता थेट सुरी उचलली तर काय होतं? 'गाठ काढू, मग तपासायला पाठवू' असं म्हणत छोट्या नर्सिंग होममध्ये अर्ध्या तासात गाठ उकरून काढतात. ती कॅन्सरची निघाली तर कडेचा किती भाग बाधित होता हे कळत नाही, कारण गाठ तुकड्यातुकड्यांनी निघालेली असते. चीर चुकीच्या जागी असते. आधी केमो देऊन गाठ लहान करण्याची संधी गेलेली असते. कित्येकदा ती गाठ साध्या पाण्याच्या बरणीत घालून नातेवाइकाच्या हातात दिली जाते, 'लॅबला पोचवा' म्हणून. ती पोचेपर्यंत सडते आणि त्यावर हार्मोनच्या चाचण्या करता येत नाहीत. काही गाठी तर लॅबकडे जातच नाहीत, कचऱ्यात जातात. असं अर्धवट ऑपरेशन होऊन आलेल्या बायका मुंबईच्या टाटा रुग्णालयात वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून दुसऱ्याने घातलेला गोंधळ निस्तरावा लागतो, आणि त्याची किंमत मोजते ती बाईच.

हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. हे मी दिलाशासाठी सांगत नाही. साध्या आजारांवर आपण जे उपचार करतो तेही बहुतेकदा चुकीचे करतो, म्हणून सांगते.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो पंधरा ते तीस वयाच्या मुलींवर. त्यांच्या स्तनात फायब्रोॲडिनोमा नावाची गाठ सर्रास आढळते. गुळगुळीत, घट्ट, बोटाखालून निसटणारी, न दुखणारी. ती कॅन्सर नसते आणि साधी असेल तर कॅन्सर होतही नाही. सोनोग्राफीने आणि गरज पडली तर सुईने खात्री करून घेतली की तिच्याकडे काही महिन्यांनी पुन्हा बघायचं, एवढंच. बऱ्याच गाठी तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, भराभर वाढली, सुईच्या रिपोर्टात शंका आली, किंवा सगळं समजून घेऊनही मुलीला ती नकोच असेल, तर काढावी. भराभर वाढणारी गाठ फायलोडिस प्रकारची असू शकते आणि ती कडेचा थोडा भाग घेऊनच काढावी लागते, म्हणून तिथे हयगय नको. बाकीच्या मुलींना टेबलावर घेण्याचं वैद्यकीय कारण नसतं.

तरी त्या टेबलावर जातात, आणि त्याचं कारण लग्न असतं. आई माझ्यासमोर बसते आणि मुलीला बाहेर पाठवून सांगते, "मॅडम, यंदा हिचं जमवायचंय. पोरीच्या अंगात गाठ आहे कळलं तर कोण करून घेईल?" मी विचारते, "गाठ बाहेरून दिसत नाही, व्रण दिसेल. व्रणाचं काय सांगणार?" त्यावर आई गप्प होते. मुलीला आत बोलावून मी तिलाच सोनोग्राफी दाखवते, कारण गाठ तिची आहे. त्या आईवर मला राग नाही; मुलीच्या शरीराचा असा बाजारभाव तिने ठरवलेला नाही. राग आहे त्या सर्जनवर, जो हीच भीती हेरतो आणि 'लग्नाआधी मोकळं व्हा' म्हणत तारीख देतो. एकीला तीन गाठी असल्या तर तीन चिरा. स्तनाग्राच्या कडेने चीर घेताना दुधाच्या नळ्या कापल्या जातात आणि चार वर्षांनी तीच मुलगी बाळाला पाजू शकत नाही, तेव्हा घरचे तिलाच बोल लावतात. शिवाय फायब्रोॲडिनोमा एकदा काढला म्हणून दुसरा होत नाही असं नसतं. पुन्हा झाला की पुन्हा टेबल.

दुखणाऱ्या स्तनांचं दुकान वेगळं आहे. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस स्तन जड होणं, ठणकणं, गाठीगाठी लागणं हे शरीराच्या मासिक चक्राचंच अंग आहे. नुसतं दुखणं ही कॅन्सरची पहिली खूण क्वचितच असते. तपासून, खात्री करून, बाईला हे समजावून सांगितलं की निम्म्याहून अधिक जणींचा प्रश्न तिथेच मिटतो. नीट बसणारी ब्रा, गरज पडली तर वेदनाशामक मलम, बस. हे समजावायला दहा मिनिटं लागतात, आणि डॉक्टरला दहा मिनिटं द्यायची नसतात. म्हणून तो इव्हनिंग प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सूल लिहून देतो, तीन-तीन महिने. नीट केलेल्या चाचण्यांत हे तेल खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही. त्यापेक्षा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आपली सेंटक्रोमनची गोळी, जी कुटुंबनियोजनासाठी 'सहेली' म्हणून मिळते, तिचा स्तनदुखीवर दिल्लीच्या एम्समध्ये अभ्यास झाला आहे आणि निवडक बायकांना तिचा उपयोगही होतो. ती स्वस्त आहे. तिची जाहिरात करायला कोणी प्रतिनिधी दवाखान्यात येत नाही, म्हणून ती चिठ्ठीवरही येत नाही.

या दुखण्या-न दुखण्यातच खरा घात आहे. दुखतं म्हणून घाबरलेल्या बायका लगेच येतात आणि त्यांच्यात सहसा गंभीर काही निघत नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. "दुखत नव्हतं, म्हणून दाखवलं नाही," हे मला ज्या बायका सांगतात त्यांची गाठ लिंबाएवढी झालेली असते. ही एवढी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात, बचतगटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या भिंतीवर का नाही? हाताला लागणारी, न दुखणारी गाठ ही दाखवण्याची गोष्ट आहे. कातडी आत ओढली जाणं, स्तनाग्र नव्याने आत जाणं, एकाच बाजूने, एकाच नळीतून, न दाबता रक्त किंवा पाणी येणं, स्तनाग्रावरची खाज आणि खपली मलमाने न जाणं, याही दाखवण्याच्या गोष्टी आहेत. खपलीला इसब समजून सहा-सहा महिने मलम लावत बसणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. आतमध्ये कॅन्सर असतो.

बाळंतिणींचे हाल तर बघवत नाहीत. बाळ नीट धरत नाही, स्तनाग्राला चिरा पडतात, दूध साठतं, जंतू आत शिरतात, स्तन लाल होतो, थंडी वाजून ताप येतो. घरात दुधाला दृष्ट लागल्याचा निकाल लागतो आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. कोणी गरम विटेने शेकतं, कोणी जोर लावून चोळतं, कोणी पाल्याचा लेप थापतं, आणि सगळेजण मिळून बाळाला त्या बाजूने पाजणं बंद करतात. प्रत्येक गोष्ट चुकीची आहे. पाजणं चालू ठेवायचं. त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही, आणि अंगावरचं एकदम तोडलं तर आईचा त्रास वाढतो. जोराने चोळल्याने आतली सूज वाढते. गार पट्टी, वेदनाशामक गोळी, बाळाला अंगाशी नीट लावायला शिकवणं, आणि एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर स्टॅफिलोकोकसवर चालणारं प्रतिजैविक पूर्ण मुदतीचं. एवढ्याने बहुतेक बायका बऱ्या होतात.

पू झाला तरी सुरी ही पहिली गोष्ट नव्हे. सोनोग्राफीवर बघत जाड सुईने पू ओढून घ्यायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं, पुन्हा ओढायचा. वरची कातडी पातळ होऊन काळी पडू लागली असेल तरच चीर. आपल्याकडे बाळंतिणीला भूल देऊन तळहाताएवढी जखम करतात, आत गॉजचा बोळा कोंबतात आणि रोज तो ओढून बदलतात. ती रोज किंचाळते, बाळाला पाजणं बंद होतं, बाटली सुरू होते, जखम भरायला महिना लागतो. हे सगळं दहा मिनिटांच्या सुईने टळलं असतं. सुईला कौशल्य लागतं आणि बिल कमी होतं, मला दिसलेली दोन कारणं हीच.

आणि जी सूज प्रतिजैविकाने उतरत नाही तिच्याकडे डोळेझाक नको. तिथे दाहाच्या रूपात आलेला कॅन्सर असू शकतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा आजारही असू शकतो, जो बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत तरुण बायकांना होतो आणि गाठ, पू, वाहणाऱ्या जखमा अशा रूपात वर्ष-वर्ष छळतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो क्षयासारखा दिसतो, म्हणून जंतू सापडो न सापडो, सरळ सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स चालू केला जातो. स्तनाचा क्षय आपल्याकडे आहे, हे मी नाकारत नाही. पण क्षयाचा जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी आता सरकारी यंत्रणेत होते, ती करा, कल्चर करा, मग औषध द्या. या आजारात कापाकापी केली तर जखम चिघळत जाते. स्टेरॉइड, कधी मेथोट्रेक्सेट, आणि पुष्कळदा नुसता धीर व देखरेख, यांनी तो शमतो. बारकाईने बघायला वेळ नसलेल्या डॉक्टरने अशा बाईला हात लावू नये. तिला पुढे पाठवावं.

आता कॅन्सर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार जणी गेल्या. हे प्रमाण पाहा. लवकर सापडला तर बरा होणाऱ्या आजारात आपल्याकडे वर्षाला दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू होतो.

उपचारांचं ज्ञान कुठल्या कुठे गेलं आहे. १८९४ साली अमेरिकेत हाल्स्टेडने स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं खरवडून काढणारं ऑपरेशन मांडलं आणि पाऊणशे वर्षं जगभरच्या सर्जनांनी तेच डोळे मिटून केलं. बर्नार्ड फिशरने अमेरिकेत आणि उंबेर्तो व्हेरोनेसीने मिलानमध्ये त्याला आव्हान दिलं. २००२ साली दोघांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले: गाठ तेवढी काढून रेडिएशन दिलं तर बाई तितकीच जगते जितकी पूर्ण स्तन काढल्यावर जगते. याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी आमच्याकडे लहानशी गाठ असलेल्या बाईला दुसरा पर्याय आहे हे सांगितलंच जात नाही. 'आता या वयात काय करायचंय ठेवून' हे वाक्य नवरा बोलतो, सासू बोलते, आणि शरमेची गोष्ट म्हणजे सर्जनही बोलतो. पन्नाशीच्या बाईला आपलं शरीर नको असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिला विचारा. काही जणी म्हणतील, काढून टाका, मला चकरा नकोत. तो त्यांचा निर्णय, आणि गाठी अनेक असतील, फार पसरलेल्या असतील तर वैद्यकीय निर्णयही तोच. पण न विचारता काढलेला स्तन हा अन्याय आहे.

रेडिएशनचं यंत्र लांब आहे, आठवडेच्या आठवडे राहणार कुठे, ही अडचण खरी होती आणि अजून आहे. पण तीही घटली आहे. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२० साली दाखवलं की योग्य रुग्णांत पाच दिवसांच्या पाच सत्रांत तेच काम होतं. पाच दिवस जिल्ह्याच्या गावी राहण्याची सोय एखादी धर्मशाळा करू शकते. हे बाईला माहीत असायला हवं. तिला सांगणारं कोणी नाही.

आणि टॅमॉक्सिफेन. गाठीच्या तुकड्यावर हार्मोनची चाचणी होकारार्थी आली तर ही गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायची असते. पाच वर्षांच्या गोळीने या रुग्णांतले मृत्यू दीर्घकाळात जवळपास एक तृतीयांशाने घटतात. किंमत दिवसाला काही रुपये. लाखोंच्या केमोला कर्ज काढणारी घरं ही गोळी वर्षभरात बंद करतात, कारण ऑपरेशन झालं, केमो झाली, म्हणजे आजार संपला असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटू नये म्हणून कोणी फोन करत नाही. या एका गोळीचा पाठपुरावा करायला आशाताईंना मानधन द्या. कुठल्याही नव्या इमारतीपेक्षा त्याने जास्त बायका वाचतील.

आपल्याकडे संशोधन होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी टाटा रुग्णालयाकडे बघावं. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांवर एक चाचणी केली, २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या आधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच भुलीचं औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. एका चाचणीवर जग थांबत नाही, पडताळणी पुढे व्हावी. पण औषध स्वस्त, जुनं आणि ओळखीचं आहे. ते महाग असतं तर त्याच्या परिषदा पंचतारांकित हॉटेलांत भरल्या असत्या.

याच मुंबईत १९९८ साली इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आणखी मोठं काम सुरू झालं. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका जाऊन हातांनी स्तन तपासत. या सेविका डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. मॅमोग्राफी नव्हती. २०२१ साली निष्कर्ष आला. तपासलेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला ती पुरी उतरली नाही; पन्नाशी आणि पुढच्या बायकांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती आणि ठाम होती. यंत्राविना, प्रशिक्षित हातांनी.

हा निष्कर्ष आपल्या दारात पडला आहे. आणि आपण काय केलं? राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदावर तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी लिहिलेली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं गेलं, तेव्हा ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीतरी स्तन तपासले गेलेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. त्यानंतर मोहिमा झाल्या, आकडे चढवले गेले. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कार्डावर 'स्तन तपासणी: सामान्य' लिहिलेलं असतं आणि त्या सांगतात, "मला कोणी हातसुद्धा लावला नाही." ही खोटी नोंद करणाऱ्याने त्या बाईकडून वर्षभराचा वेळ चोरला.

त्याऐवजी स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना म्हणून ऑक्टोबरमध्ये इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, मॅरेथॉन होतात, आणि खासगी रुग्णालयं तिशीच्या बायकांना सवलतीत मॅमोग्राफी विकतात, ज्या वयात कसलीही तक्रार नसताना तिचा उपयोग नाही. मंचावर स्वतःचे स्तन दर महिन्याला ठरावीक पद्धतीने कसे तपासायचे याचं प्रात्यक्षिक होतं. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर हा प्रयोग झाला. २००२ सालच्या अंतिम निष्कर्षात शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या बायकांच्या मृत्यूंत फरक नव्हता, फक्त साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. बाईला आपल्या शरीराची ओळख असावी, बदल दिसला तर तिने यावं, हे योग्यच. पण ती आल्यावर तपासायला कोणीच नसेल तर तिला शिकवून तुम्ही फक्त तिची झोप उडवता.

त्या पोकळीत गाठ विरघळवणारे शिरतात. काढा, लेप, गुरुवारचं पाणी, मोबाइलवर फिरणारे दावे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडवर ही जाहिरात राजरोस लागते, पोलीस तिच्याखाली उभे असतात, आणि त्या लेपाखाली सहा महिने गाठ वाढवून आलेली बाई मला विचारते, "आता काही होईल का हो?"

सरकारकडे माझी मागणी साधी आहे आणि ती परवडणारी आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्तनांची ओपीडी. आत स्त्री कर्मचारी, दाराला पडदा, सोनोग्राफी, ट्रूकट सुया, फॉर्मालिनच्या बाटल्या. तुकडा मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीकडे नेणारी व्यवस्था. क्षयाच्या थुंकीचे नमुने गावोगावहून जातातच, त्याच गाडीत एक बाटली आणखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पहिल्या भेटीपासून निदानाला ६० दिवसांची मुदत घातली आहे, ती पाळली जाते का ते दर तिमाहीला जाहीर करा. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. निदान होईपर्यंतच्या चकरा, सोनोग्राफी आणि खासगीत केलेली बायोप्सी यांना मात्र बहुतेक बायका पदरचे पैसे घालतात, आणि तिथेच अनेक जणी गळतात. तो खर्च योजनेत घ्या. मनुष्यबळ नाही हे उत्तर मला देऊ नका. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांनी हे काम करून दाखवलं आहे.

हे होईपर्यंत बायकांनी काय करायचं ते सांगते. ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरकडे, संमतिपत्रावर सही करण्याआधी, सुईचा रिपोर्ट मागा. नसेल तर सही करू नका. आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही, चुकीच्या चिरेने बिघडतं. 'काही नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरला ते चिठ्ठीवर तारखेसह लिहायला सांगा, कशावरून म्हणता तेही लिहायला सांगा. लिहून देत नसतील तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढा. आणि गाठ पुढच्या पाळीनंतरही तिथेच असेल, तर आधी कोणी काहीही म्हटलेलं असो, पुन्हा जा.